खिडकीतल्या चार वाट्या

माझ्या भाचीने घरचं जेवण विकायचा धंदा काढला आणि थोड्याच महिन्यांत तिच्या यादीत एकेचाळीस पदार्थ झाले आणि गिऱ्हाइकं एकोणीस. म्हणजे माणशी दोन पदार्थ देऊनही तीन उरत होते.

यादी तिने गुळगुळीत कागदावर छापून घेतली होती, तमिळ आणि इंग्रजीत, कोपऱ्यात कमळ. आमचे मराठी पदार्थही तमिळ अक्षरांत. त्यात तिची चूक नाही. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं अजून बरीच आहेत, पण देवनागरी वाचणारी माणसं दोन. एक मी, आणि दुसऱ्या गृहस्थांना मोतीबिंदू झाला आहे. मी शाळेत पाचवीपर्यंत गेले, तीही तमिळ शाळा. देवनागरी वडिलांनी घरी शिकवली, कारण त्यांचे डोळे गेल्यावर पोथी वाचायला कोणीतरी हवं होतं. भावांना वेळ नव्हता.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय पन्नास. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. एका कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची, ते दुकान बंद झालं. मुलगा चेन्नईला संगणकाच्या नोकरीत आहे, सून पण नोकरी करते, आणि त्यांना नुकतं मूल झालं होतं. मूल झाल्याबरोबर मुलाला आईची फार आठवण यायला लागली.

तो नवरात्रात आला आणि म्हणाला, "अम्मा, घर बंद कर आणि ये आमच्याकडे. इथे एकटी कशाला राहतेस?"

मी समोर बसले होते. पण मी मोजण्यात नव्हते.

भाची म्हणाली, "मी जेवणाचं काम सुरू केलंय रे."

"एकेचाळीस पदार्थ आणि रोज एक डबा? याला काम म्हणतात? सरी, बरं, जानेवारीतल्या पोंगलच्या सणापर्यंत बघ. तोवर एखादं रोजचं, कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर राहा. नाही तर मी गाडी घेऊन येतो."

भाचीला जायचं नव्हतं. मुलाचं चेन्नईतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर तिने पाहिलं होतं. तिथे तिच्यासाठी ठेवलेल्या खोलीत बाळाचा पाळणा होता आणि कपडे धुवायचं यंत्र होतं, म्हणजे तिने करायचं काम आधीच मांडून ठेवलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच मदत करायचं कबूल केलं.

हे मी प्रेमापोटी केलं असं कुणी म्हणू नये. लग्नाच्या स्वयंपाकाची कामं झेपेनाशी झाल्यापासून मी तिच्याकडे राहते. ती गेली की घराला कुलूप, आणि मला ओरत्तनाडूला माझ्या नवऱ्याच्या पुतण्याकडे जावं लागलं असतं. तिथे टीव्ही दिवसभर चालतो आणि पुतण्याची बायको टीव्हीतल्या लोकांशी भांडते. मरायला हरकत नाही, पण तिथे नको.

आता एकेचाळीस पदार्थ कसे झाले ते सांगते. आमच्या लोकांत खायला मागितलं की नाही म्हणायचं नाही. कुणी विचारलं, "तुम्ही अप्पे करता का?" की भाची म्हणणार, "करते की." कुणी विचारलं, "पिठलं?" "करते की." एका बाईने विचारलं, "साखरेच्या आजाराच्या माणसासाठी साखरभात होतो का?" भाची एक क्षण थांबली आणि म्हणाली, "बघते की." ती रात्रभर बघत बसली. अशी ती यादी वाढली. प्रत्येक पदार्थ कुणीतरी एकदा मागितलेला आणि पुन्हा कधी न मागितलेला.

मुलाने जाताना आईसाठी एका शिबिराचं नाव नोंदवलं. लहान धंदेवाल्यांना मोठं करणारा एक गुरू तिरुचीहून रविवारी येणार होता. एका नावावर दोघांना प्रवेश होता, आणि जेवण होतं, म्हणून मी गेले.

हॉटेलात थंडगार हॉल. गुरू तिशीतला, अंगात कोट, डोक्याला तारेचा माइक लावलेला. साठ-सत्तर माणसं होती. मेणबत्त्या करणारी, दुचाकी दुरुस्त करणारा, बाहुल्या रंगवणारे दोघे भाऊ, अशी. गुरू म्हणाला, डोळे मिटा आणि पाच वर्षांनंतरचा आपला धंदा बघा. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले, आणि थंडाव्याने मला झोप लागली.

नेमका तो माझ्याच जवळ आला. तमिळ लोक आजीला पाट्टी म्हणतात. "पाट्टी, काय दिसलं?"

"काही नाही बाबा. पाच वर्षांनंतर मी कुठे आहे?"

लोक हसले. त्यानेही हसून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्याने दिवसभरात एक गोष्ट दहा वेळा सांगितली: एकच काम धरा, तेच नीट करा, आणि ते रोज तसंच व्हावं अशी सोपी रीत बसवा, म्हणजे तुम्ही नसलात तरी चालेल. हे खरं आहे. फक्त हे सांगितल्यावर त्याने प्रत्येकाला एक जाड वही दिली आणि फोनवर एक ॲप दिलं, आणि दोन्हींत रोज बत्तीस रकाने भरायचे होते.

भाचीने सगळं मन लावून केलं. दुकानात वीस वर्षं काम केलेली बाई, रकाना दिसला की भरणारच. तिने मोठ्या अक्षरांत "एकच काम" असं इंग्रजीत लिहून फ्रिजवर चिकटवलं. त्याच आठवड्यात कार्तिकाच्या सणासाठी तिने यादीत तीन पदार्थ वाढवले. रोज सकाळी ती फोनवर रकाने भरत बसे. एकदा डाळ करपली. करपल्याचाही एक रकाना होता. तिने तो भरला.

मी बोलले नाही. तिथे दोष माझाही होता. पन्नास वर्षं लग्नाच्या स्वयंपाकात काढलेली बाई मी, बारा वर्षांची असताना नारळ खोवायला गेले आणि शेवटी अकरा माणसांना कामाला लावत होते. धंदा मला कळत नाही, पण साडेअकराला तीनशे पानं कशी उठतात ते कळतं. तरी मी गप्प राहिले, कारण गुरूला पैसे दिले होते, आणि माझा सल्ला फुकट होता. फुकटच्या सल्ल्याला घरात काय भाव असतो हे मला ठाऊक आहे.

मग डिसेंबरात संधी आली. नव्या बस स्टँडकडे एक ऑफिस आहे, चाळीस माणसांचं. त्यांचा आधीचा जेवणवाला सोडून गेला होता. तिथल्या मॅनेजर बाईने भाचीला सांगितलं, गुरुवारी चाळीस डबे पाठवा, लोकांना आवडलं तर रोजचं काम तुमचं. मुलाला हवं होतं ते हेच, रोजचं, कायमचं गिऱ्हाईक.

मी म्हटलं, "भात, सांबार, एक भाजी, रसम, ताक. बास."

"मावशी, पहिल्यांदाच जेवतायत ते. काय म्हणतील?"

"जेवले म्हणतील."

तिने अकरा पदार्थ केले. सांबार, रसम, दोन भाज्या, डाळीत शिजवलेली कूटू, दह्यातली पचडी, चिंचेचा भात, दहीभात, वडे, पायस, आणि कुणी मागितली नव्हती तरी आमची आंबटगोड आमटी. स्वयंपाकाला आम्ही तिघी. भाची, मी, आणि पलीकडच्या गल्लीतली एक तमिळ बाई, जी आमच्याकडे चिरायला-वाटायला येते. कामाला वाघीण आहे.

आमच्या स्वयंपाकघराचे नियम इथे सांगायला हवेत, नाही तर पुढचं कळणार नाही. भाची आंघोळ करून सोवळ्यात स्वयंपाक करते. आधी देवाला नैवेद्य, मग डबे. देवाला दाखवायच्या आधी चव बघायची नाही. पातेल्यावर तोंड उघडून बोलायचं नाही, थुंकी पडते. आणि नैवेद्य झाल्यावरही, दुसऱ्यांना वाढण्याच्या आधी स्वयंपाकिणीने खायचं नाही. असं आमच्या आईने केलं, तिच्या आईने केलं. हात आणि वास यांवर सगळं चालतं. एका बाईने घरच्या सात माणसांचा स्वयंपाक करायचा असेल तर चालतंही.

तिघी, अकरा पातेली, चव नाही, बोलणं नाही.

साडेअकराला डबे रिक्षातून गेले. सव्वा वाजता फोन आला. भाचीने आवाज मोठा करून ठेवला.

मॅनेजर बाई म्हणाली, "अम्मा, सांबार कुठे केलंत? नागपट्टणमला, समुद्रात?"

भाचीने सांबाराच्या रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं.

"आणि कूटूत मीठच नाही. दोन्ही भाज्यांतही नाही. आमच्यातल्या एकाने सगळं एकत्र कालवलं, तेव्हा बरं लागलं. पण रोज कोण कालवणार?"

"अम्मा, चूक झाली—" भाची म्हणाली. इथे कुठल्याही बाईला अम्माच म्हणतात.

"चवीला हात चांगला आहे तुमचा. वडे सगळ्यांनी खाल्ले. पण मला रोज चाळीस लोकांना तोंड द्यायचं आहे." तिने फोन ठेवला.

भाची जमिनीवर बसली. पोंगलला चार आठवडे होते. मग तिने गुरूला फोन केला. गुरू म्हणाला, याला गुणवत्तेवरचं नियंत्रण म्हणतात, ते तिसऱ्या भागात येतं, आणि तिसरा भाग फेब्रुवारीत आहे.

मग घरात चौकशी झाली. अशा चौकशीत सगळे निर्दोष असतात.

"मी एकदाच घातलं," भाची म्हणाली.

"अक्का, मी पण एकदाच," मदतनीस बाई म्हणाली. "तुम्ही देवघरात होतात. मला वाटलं राहिलं असेल."

मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी नारळ खोवत बसले होते, चुलीजवळ मी कशाला जाईन. पण मी गेले होते. उकळी बघितली, वास घेतला, मिठाचा वास येत नसतो हे मला चांगलं ठाऊक आहे, तरी मूठभर टाकलं. पन्नास वर्षांची सवय. मी म्हटलं, "मीही एकदाच घातलं."

म्हणजे कुणाचीच चूक नव्हती. प्रत्येकीने आपलं काम नीट केलं होतं आणि सांबार गटारात गेलं. कूटूचं उलटं. प्रत्येकीला वाटलं दुसरीने घातलं असेल.

मदतनीस बाई म्हणाली, "पाट्टी, लग्नाच्या स्वयंपाकात तुम्ही काय करायचात? तिथे तर वीस-वीस माणसं."

"तिथे मीठ एकटा मुख्य आचारी घालायचा. आणि घातलं की ओरडायचा, 'मीठ पडलं!' वरातीतल्या घोड्यालाही ऐकू जाईल असं."

"मग आपण ओरडू या."

भाची म्हणाली, "पातेल्यावर?"

ओरडणं गेलं. चव बघणं तर नव्हतंच. मी भाचीला म्हटलं, देवाला विचार, खारट सांबार त्याला चालतं का. ती म्हणाली, देवाबद्दल असं बोलू नको. मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून स्टीलच्या चार वाट्या काढल्या. लग्नामुंजींत भेट आलेल्या, सगळ्या वेगळ्या घाटाच्या. मोठीत सांबाराचं मीठ, मधलीत भाजीचं, लहानीत रसमचं, चपटीत ताकाचं. चाळीस माणसांना किती लागतं ते मला झोपेतही मोजता येतं. आंघोळीच्या आधीच मोजून प्रत्येक वाटी आपापल्या पातेल्यापुढे ठेवली. मिठाची बरणी उचलून माझ्या खाटेखाली ठेवली. मग दोघींना बोलावलं.

"जी मीठ घालेल तिने रिकामी वाटी खिडकीत ठेवायची. वाटी पातेल्यापुढे आहे तोवर मीठ पडलेलं नाही. वाटी खिडकीत गेली की पडलं. तोंड उघडायचं नाही, चव बघायची नाही."

भाची म्हणाली, "जागीच पालथी घातली तर?"

"रोज सकाळी चार भांडी पालथी घालणार? तूच उद्या अशुभ म्हणशील."

"ते खरं." ती विचार करत म्हणाली, "पण मावशी, बाकीच्या पदार्थांच्या वाट्या? अकरा—"

"खिडकीच्या कठड्यावर चार मावतात."

तिने खिडकी बघितली. आमच्या घरांच्या खिडक्या जुन्या, अरुंद, जाड भिंतीत बसवलेल्या. तिने जाऊन पाचवी वाटी ठेवून बघितली. ती खाली नाल्यात पडली.

"बघ," मी म्हटलं, "चारच पदार्थ. भाताला वाटी लागत नाही."

गुरूने दहा वेळा जे सांगितलं, फ्रिजवर कागद लावूनही जे झालं नाही, ते खिडकीमुळे झालं. माणसाचं ऐकलं नाही तरी भिंतीचं ऐकावं लागतं.

मग मी नव्या बस स्टँडला गेले. भाची येणार नव्हती. तिला लाज वाटत होती. लाज वाटण्याच्या वयातून मी गेले आहे. चार वाट्यांच्या हिशेबाने केलेलं जेवण एका डब्यात घेतलं आणि टाउन बसने गेले. मॅनेजर बाई संगणकापुढे बसून बिस्किट खात होती.

"अम्मा, तुम्ही कोण?"

"सांबारातला समुद्र. त्यातलं एक मूठ मीठ माझं आहे."

ती हसली नाही. मी डबा उघडला. "माफी मागायला आले नाही. खा."

तिने सांबार भातावर घेतलं, खाल्लं, मग रसम ओतलं. मी तिला खाऊ दिलं. जेवणाऱ्याशी बोललं की तो जेवणाऐवजी तुम्हाला उत्तर देत बसतो.

शेवटी म्हणाली, "पदार्थ कमी आहेत."

"हो."

"उद्या असंच असेल?"

"परवाही असंच असेल. तेच विकायला आले आहे."

आधीच्या जेवणवाल्याचं जेवण कधी उत्तम असायचं, कधी तोंडात घालवत नसे, आणि लोकांची तक्रार त्या 'कधी'बद्दल होती, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "जानेवारीच्या पहिल्या सोमवारपासून एक आठवडा. सहा दिवस. एक दिवस जरी बिघडलं तरी मला फोन करू नका."

तोवर घरी एक काम उरलं होतं, आणि ते सगळ्यांत अवघड होतं. एकोणीस गिऱ्हाइकांना नाही म्हणायचं. भाचीला ते जमणं शक्य नव्हतं. तिला आत बसवलं आणि मी बाहेर ओट्यावर बसले. एवढं बसून करायचं काम मला जन्मात मिळालं नव्हतं.

गल्लीतलेच आमचे एक दूरचे नातलग आले, निवृत्त शिक्षक. त्यांना दर संकष्टीला पाच मोदक लागत.

"संकष्टीचे मोदक सांगायला आलो होतो."

"बंद केले."

"बंद? पाच तर लागतात मला."

"पाचांसाठी पण उकड काढावी लागते. पन्नासांसाठी काढावी लागते तेवढीच."

ते दुखावले. "आपल्या माणसाला तोंडावर नाही म्हणता, अक्का?"

"आपला माणूस म्हणून तोंडावर म्हणते. परका असता तर 'बघू' म्हटलं असतं."

ते गेले. महिनाभर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांच्या बायकोने मात्र देवळात माझा हात धरून सांगितलं की त्यांना मोदक मुळीच सोसत नाहीत. साखरेच्या आजाराची बाई आली, तिला तर आनंदच झाला, कारण तो साखरभात तिने पहिल्याच दिवशी गाईला घातला होता. एकोणीस लोकांपैकी रागावले चार. बाकीच्यांनी 'असं का' म्हणून पुढच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलं. ज्यांच्यासाठी भाची इतके महिने मरत होती त्यांना तिची एवढीच गरज होती. हे तिला मी सांगितलं नाही. मी इतकीही फटकळ नाही.

मग सोमवार आला. मग मंगळवार. चार वाट्या पातेल्यापुढे, चार वाट्या खिडकीत, साडेअकराला रिक्षा. सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि तेच मला हवं होतं. बुधवारी भाची नैवेद्याचं ताट वाढायला आली आणि मदतनीस बाईने तिचा हात धरला. सोवळ्यातल्या बाईला शिवली. बोलायचं नाही म्हणून तिने नुसतं बोट दाखवलं. खिडकीत तीन वाट्या होत्या. रसमची वाटी रसमपुढे भरलेली तशीच. भाचीने मीठ घातलं, वाटी खिडकीत ठेवली, पुन्हा आंघोळ केली आणि ओल्या केसांनी नैवेद्य दाखवला. रिक्षा दहा मिनिटं थांबली.

गुरुवारी गुरू आला. कुठल्या तरी शिष्याला भेटायला तंजावरला आला होता, मुलाने फोन केला म्हणून डोकावला. वाट्यांचे फोटो काढले. त्याला फार आनंद झाला.

"पाट्टी, जपानमध्ये कारखान्यांत अगदी असंच करतात! नुसतं डोळ्यांनी बघून कळतं, काम झालं की नाही."

"त्यांच्याकडेही नैवेद्याआधी चव बघत नाहीत का?"

त्याने आणखी एक फोटो काढला. मग त्याने मला विचारलं, पुढच्या शिबिरात येऊन बोलाल का. मी विचारलं, जेवण कोण करणार आहे. तो म्हणाला, हॉटेलच. मी नाही म्हटलं. आता माझ्या वाट्या त्याच्या पडद्यावर येतात असं ऐकते, आणि खाली लिहिलेलं असतं की हे त्याच्या शिबिरातून निघालं. एका अर्थी खरंच आहे. मी तिथे झोपले नसते तर मला एवढी हुशारी राहिली नसती.

शनिवारी, आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी दहाला मुलगा आला. पोंगल चार दिवसांवर होतं. गाडीची मागची जागा रिकामी करून आणली होती, आईच्या पेट्यांसाठी. आम्ही तिघी स्वयंपाकात. त्याला कुणी बसही म्हटलं नाही. तो दारात उभा राहून बघत होता. खिडकीत एक वाटी गेली, मग दुसरी. बोलणं नाही. त्याने हळूच मला विचारलं, "आजी, भांडण झालंय का तुमचं?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

डबे भरून होत आले आणि फोन वाजला. मॅनेजर बाई होती. भाचीचे हात भाताचे, म्हणून मुलाने फोन धरला आणि आवाज मोठा केला.

"अम्मा, आजचं यायचंच आहे, पण मी ठरवलंय. रोजचं काम तुमचं. आणि ऐका, आमच्याकडे संध्याकाळी पण लोक थांबतात. पंचवीस जणांचं हलकं टिफिन कराल का? इडली, उपमा, काहीतरी गोड? दोन्ही मिळून मोठं काम होईल तुमचं."

मुलगा हसून आईकडे बघायला लागला. मदतनीस बाईचे हात थांबले. भाचीचं तोंड उघडलं आणि मला त्यातला 'क' दिसला. पन्नास वर्षांचा 'करते की.' मी काही बोलू शकत होते. बोलले नाही. माझ्या बोलण्याने ती आज नाही म्हणाली असती, पण उद्या मी झोपलेली असताना कुणीतरी साखरभात मागणारच होतं.

ती उभी राहिली. तोंड मिटलं, पुन्हा उघडलं.

"नाही अम्मा. दुपारचं जेवण. भात आणि चार पदार्थ. तेवढंच करते मी."

पलीकडून मॅनेजर बाई म्हणाली, "सरी. टिफिन दुसऱ्याकडून घेते. सोमवारी साडेअकराला?"

"साडेअकराला."

फोन बंद झाला. भाची खाली बसली आणि डब्यांची झाकणं लावायला लागली. एकच झाकण तिने दोनदा लावलं. मोठं काम हातचं घालवलं म्हणून, की मिळालं म्हणून, मी विचारलं नाही.

मुलगा म्हणाला, "अम्मा, पंचवीस टिफिन सोडलेस?"

"हो."

"आणि बाळाचं काय? आम्ही सगळं ठरवलं होतं."

ती मान वर न करता म्हणाली, "बाळाला बाई ठेवा. चांगली बघा. एकच काम करणारी बघा."

"पोंगल झाल्यावर तरी येशील?"

"पोंगलच्या सुट्टीत येते. ऑफिस उघडेल त्याच्या आदल्या दिवशी परत."

तो काही बोलणार होता, तेवढ्यात बाहेरून शेजारची बाई ओरडली की रिक्षावाल्याचा टायर बसला, तो येत नाही. अकरा पंचवीस झाले होते. भाचीने मुलाकडे पाहिलं. मुलाने घड्याळाकडे पाहिलं, मग डब्यांकडे.

मी म्हटलं, "गाडी रिकामीच आणली आहेस ना?"

चाळीस डबे त्याच्या मागच्या जागेत अगदी बरोबर बसले. भाची पुढे बसली, सोवळं सोडून, पायात चप्पल घालायला विसरून. तो गाडी हळू चालवत गल्लीच्या तोंडाशी गेला, कारण तिने त्याला पहिल्याच वळणावर सांगितलं की सांबार सांडलं तर त्याची खैर नाही.